अर्ध्या एकरातली मेंढरं

आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मिरवतेय. मिरवतेच. वडलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, मेंढरं राखली. आईनं लोकांच्या उसात खुरपणी केली. आणि मी केडगाव स्टेशनवर सकाळची शटल धरून, पुण्याला जाऊन-येऊन बी.एस्सी. ॲग्री पुरं केलं. वशिला नव्हता की कुणाची चिठ्ठी नव्हती. कॉलेजात पोरी विचारायच्या, तुझ्या दप्तराला कसला वास येतो गं? मी सांगायचे, आमच्याकडं गाय आहे. गाय म्हटलं की चालायचं. मेंढरं म्हटलं असतं तर बाकावर जागा मिळाली नसती.

तर पुढं जे लिहिणार आहे त्यात माझीच फजिती असली, तरी मला बिचारी समजू नका. जे केलं ते शिकून-सवरून केलं.

डिग्री हातात आल्यावर शिरूरच्या एका संस्थेत नोकरी लागली. संस्थेला पैसा एका कंपनीकडनं यायचा, आणि काम होतं जिरायती गावांमधलं ज्वारीचं उत्पादन वाढवण्याचं. दौंडच्या दक्षिणेकडची, कालव्याचं पाणी न पोचलेली गावं माझ्याकडं आली. त्यात माझं गावही आलं. खुटबावच्या बाजूनं येताना ऊस संपतो, रस्त्याला खड्डे लागतात, मग मुरूम आणि बाभळी सुरू होतात. तिथनं पुढं आमचं.

इथली माणसं दोन-तीन एकरांची. ज्वारी विकायला पेरत नाहीत, खायला पेरतात. फेब्रुवारीत मळणी झाली की पत्र्याची कोठी भरायची, आणि ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पुरली की वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. नाही पुरली तर दुकानातली ज्वारी आणायची. पण ती आणतानाही पिशवी अशी धरायची की शेजारणीला वाटावं, साबण-साखर आणलीय. कोठी रिकामी पडणं ही आमच्याकडं सांगायची गोष्ट नाही. त्यामुळं एकरी दोन पोती जास्त पिकणं म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

संस्थेकडं फुकट वाटायचं एक किट होतं. सुधारित बियाणं, जिवाणू खताच्या पुड्या आणि खताची एक गोणी. ते चांगलं होतं का? मला आजही वाटतं, वाईट नव्हतं. पण वाटण्यावर शेती होत नाही, म्हणून तर प्रात्यक्षिक प्लॉट करायचा. एक एकर घ्यायचं, मधून रेघ मारायची. अर्ध्यात किट, अर्ध्यात शेतकऱ्याची नेहमीची पद्धत. बाकी नांगरट, पेरणीचा दिवस, खुरपणी सगळं सारखं. काढणीला दोन्हीकडचं माप घ्यायचं. जो फरक येईल तो किटचा. इतकं सोपं आहे ते. मी हे चार गावांत चाळीस वेळा समजावून सांगितलं असेल.

माझ्या गावात प्लॉटला रान दिलं ते एका आबांनी. आमच्या वस्तीला लागूनच त्यांचं तीन एकर. मुलगा कारेगावला खोली घेऊन राहतो, कारखान्यात जातो. घरी आबा, सून आणि दोन नातवंडं. आबा मला लहानपणापासून ओळखायचे, पण नोकरी लागल्यावर त्यांनी 'म्याडम' सुरू केलं ते सोडलं नाही. त्यात निम्मी थट्टा होती, निम्मं खरं होतं.

पावसाळ्याच्या मध्यावर आम्ही रानात चुन्याची रेघ मारली. बांधावर पाच-सहा जण जमले होते. मी समजावून सांगितलं.

आबा म्हणाले, "म्हंजी दोन सुना. एकीला तूप घालायचं, एकीला न्हाई. आन् मंग बघायचं काम कोण जास्त करती."

"तसंच समजा आबा."

"आन् जिला तूप न्हाई ती माहेरी निघून गेली म्हंजी?"

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "मेंढरं कवा बसवायची?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं रब्बीची ज्वारी पेरायच्या आधी, रान मोकळं असतं तेव्हा, मेंढपाळाला बोलावतात. त्याचा कळप रानात मुक्कामाला ठेवायचा. चारी बाजूंनी दोरीची जाळी लावायची, तिला वाघर म्हणतात. रोज वाघर हलवायची, म्हणजे लेंड्या आणि मूत सगळ्या रानाला सारखं पडतं. याला मेंढरं बसवणं म्हणतात. त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य. आबांच्या रानात दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्या दादांचीच मेंढरं बसायची. दादांचा गुडघा गेल्यापासून दिवाळीनंतर कोकणात उतरणं बंद झालं होतं. तीस-पस्तीस मेंढरं ठेवून ते गावातल्या गावातच वाघर हलवत होते.

मी म्हटलं, "यंदा या एकरात मेंढरं नकोत. बसवायचीच तर दोन्ही अर्ध्यांत सारखी बसवा, मला सांगून. नाहीतर फरक कशाचा पडला ते कळणार नाही."

दादा बांधावर काठीला टेकून उभे होते. मी आबांकडं बघून बोलत होते, पण सांगत होते दादांनाच.

"बरं," दादा म्हणाले.

"म्याडम म्हन्त्यात तसं," आबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मला पुण्याला सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. आल्यावर थेट रानात गेले. कुळवाची पाळी मारून झाली होती, दोन्हीकडं माती सारखी दिसत होती. पण किटच्या बाजूला पाय ठेवला आणि मला वास आला.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण खरी गोष्ट ही आहे. तो वास ओळखायला डिग्री लागत नाही. मी त्या वासात वाढले. पाऊस पडून गेल्यावर, माती उलटल्यावर, कितीही दिवसांनी मेंढराच्या मुताचा वास मला कळतो. बाभळीच्या काट्याला लोकरीचा एक पुंजका अडकलेला होता. मी रेघेच्या पलीकडं गेले. तिकडं वास नव्हता. परत अलीकडं आले. मग मनाशी म्हटलं, वारा तिकडनं येत असेल. म्हटलं, दादांची मेंढरं बांधावरनं गेली असतील. म्हटलं, दोन्हीकडं बसवली असतील, तिकडचा वास गेला असेल. एका मिनिटात तीन कारणं सुचली. एकही विचारायला मी आमच्या घरापर्यंत चालत गेले नाही, आणि घर दीडशे पावलांवर होतं.

पेरणी झाली. उगवण झाली. दिवाळीला रेघ दिसेनाशी झाली होती, पण रेघेची गरज उरली नव्हती. किटची बाजू काळीशार, कमरेच्या वर. दुसरी बाजू पोपटी, नेहमीसारखी. रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे.

"आबा, काय टाकलं?"

"म्याडमला इचारा."

आणि मी सांगायचे. बियाणं, जिवाणू, खताची मात्रा. पुस्तकातलं सगळं मराठीत करून सांगायचे. माणसं ऐकायची. मेंढरं राखणाऱ्याची पोरगी बोलतेय आणि बागायतदार ऐकतायत. ते दिवस मला आवडले नाहीत असं मी लिहिणार नाही. आवडले.

काढणीच्या दिवशी शिरूरहून आमचे सर आले. सर म्हणजे प्रकल्प बघणारे, माझे वरिष्ठ. शहरातले, सभ्य, कधी आवाज न चढवणारे. दोन्ही बाजूंना दोरी लावून सारख्या मापाचा तुकडा आखला, तेवढ्यातली कणसं खुडली, झोडपली, काट्याला पोतं लटकवलं. किटच्या बाजूचं वजन दुसऱ्या बाजूच्या दुपटीला थोडंच कमी भरलं. सरांनी काटा दोनदा बघितला. मग माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मी बाई आहे हे आठवून खाली घेतला, आणि म्हणाले, "व्वा! याला म्हणतात रिझल्ट."

मग फोटो. आबा, मी, मध्ये कणसांचा भारा. मागं बांधावर दादा उभे होते, आणि त्यांची मेंढरं काढलेल्या ताटांचा पाला खात पसरली होती. सर मोबाईल डोळ्यांपुढं धरून म्हणाले, "त्यांना जरा मेंढ्या बाजूला घ्यायला सांगता का? फ्रेममध्ये येतायत."

सरांना ते माझे वडील आहेत हे माहीत नव्हतं. तिथं उभ्या असलेल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं.

मी मागं वळून म्हटलं, "ओ, जरा तिकडं घ्या मेंढरं."

दादांनी एक शीळ घातली. मेंढरं वळली.  आबा खाली कणसांकडं बघत होते.

सर गेल्यावर आबांच्या ओट्यावर चहा झाला. सुनेनं कप हातात दिला आणि आबा खुशीत आले.

"काय म्याडम, नाक ऱ्हायलं का न्हाई गावात?"

"तुमच्यामुळं आबा."

"माझ्यामुळं कशाचं. तुमच्या दादांचं उपकार माना. समदी मेंढरं पाच दिस एकाच अर्ध्यात कोंबली व्हती. वाघर हलवायला जागा न्हाई, मेंढरू मेंढराला घासतंय. मी म्हन्लं, अरं जरा पलीकडं बी सरकव की. तर म्हनला, न्हाई, पोरीचं रान हे हाय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आबांनी बघितलं.

"तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी म्हटलं, "नाही." हे खोटं होतं.

आबा घाईनं म्हणाले, "आवो, तुमच्याच भल्यासाठी. पयलंच काम तुमचं. पडलं असतं तर ह्या गावानं जगू दिलं नसतं. बघा, मेंढराच्या मागं फिरायचं सोडून गेली शाळा शिकाया, असं म्हन्ले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मेंढरं सोडायच्या तयारीत होते. मी वाड्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, काट्या सारून आत गेले.

"दादा, मी काय सांगितलं होतं?"

"काय?"

"दोन्हीकडं सारखी, नाहीतर कुठंच नाही. बरं म्हणाला होता ना तुम्ही?"

"मंग काय तुझं हसं होऊ द्यायचं व्हतं?"

"हसं झालं असतं तर झालं असतं! खरं कळलं असतं ना. आता त्या अर्ध्या एकरात किती पीक बियाण्याचं, किती खताचं आन् किती तुमच्या मेंढरांचं, सांगा ना मला. सांगता येतंय का कुणाला?"

दादा एका मेंढीच्या खुरात अडकलेला काटा काढत होते. काटा उपटून त्यांनी बाजूला टाकला. मग म्हणाले, "पिकलं ना? आबाची कोठी भरली ना? मंग तुला कशाचं वाईट वाटतंय?"

 कॉलेजात चार वर्षं शिकवलेलं सगळं याच एका प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते मला दादांच्या भाषेत येत नव्हतं.

मी स्कूटी काढली आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर गाठलं. सरांना सगळं सांगितलं. फक्त वास आला होता, ते सोडून. सरांनी शांतपणे ऐकलं. खुर्ची पुढं ओढायला सांगितली, पाणी दिलं.

"हे बघा, शेणखत काय, लेंडीखत काय, शेतकरी टाकतच असतो. ती त्याची पद्धतच आहे."

"सर, पण ते एकाच बाजूला पडलंय. आणि तीच बाजू आपली आहे."

"रिपोर्ट काल संध्याकाळीच गेला. कंपनीची माणसं खूश आहेत. पुढच्या वर्षी चाळीस घरं करायची आहेत तुमच्याच भागात, आणि ती तुमच्याकडंच द्यायची असं मी सुचवलंय." मग म्हणाले, "यात तुमचा काय दोष? तुम्ही कुठं सांगितलं होतं बसवायला?"

हे वाक्य मी घरी घेऊन आले. तुम्ही कुठं सांगितलं होतं. किती दिवस ते मला पुरलं.

जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. भिंतीवर फ्लेक्स लावला होता. चाळीस घरांनी नावं दिली, द्यायला रांग लागली. एकानं विचारलं, "किट घेतल्यावर मेंढरं बसवायची का?"

सर म्हणाले, "किटमध्ये पिकाला लागणारं सगळं आहे. वेगळं काही करायची गरज नाही."

मी सरांच्या शेजारी उभी होते. तोंड उघडायला तेवढीच जागा होती. मी यादीवर पुढचं नाव लिहिलं.

त्या पावसाळ्यात दादा नेहमीच्या घरांना विचारून आले. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी चहा पाजला. "यंदा ऱ्हाऊ द्या मामा, तुमच्याच पोरीचं किट घेतलंय." बाहेरून दोन कळप दरवर्षी यायचे, ते एकदा विचारून पुढच्या गावाला गेले. मेंढपाळाला धान्य द्यायचं वाचलं, असा सगळ्यांचा हिशेब. आणि त्यात चुकलं काय त्यांचं? शिकलेल्या माणसानं सांगितलेलं ऐकलं एवढंच.

आबांनी तिन्ही एकरांत किट घातलं. दादांनी पाच दिवस कोंबलेली मेंढरं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती, तरी घातलं. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला वाटलं मेंढरानं थोडं वाढलं आसंल. पर तुमी कायच बोलला न्हाई. म्हन्लं, म्याडमला म्हाईत, आन् त्या बोलत न्हाईत, म्हंजी मेंढरांचं कायच नसंल त्यात."

पाऊस आदल्या सालासारखाच होता, त्यामुळं त्याच्यावर ढकलायची सोय नव्हती. फेब्रुवारीत काढणी झाली. काहींना नेहमीइतकं पिकलं, काहींना त्याहून कमी. दुप्पट कुणालाच नाही. आबांच्या सुनेनं मळणीनंतर कोठीत हात घालून बघितला आणि कारेगावला नवऱ्याला फोन लावला की आखाडानंतर ज्वारी तिकडनं आणावी लागेल. हे तिनं मला स्वतः सांगितलं, आवाज न चढवता, भांडी घासता घासता. आबांच्या घरात दुकानातली ज्वारी मी तरी कधी आलेली बघितली नव्हती.

मार्चमध्ये परत बैठक. यावेळी सरांना बोलू द्यायच्या आधी मी उभी राहिले.  मी म्हटलं, "मागल्या वर्षी आबांच्या प्लॉटला किटच्या बाजूला मेंढरं बसली होती. दुसऱ्या बाजूला नव्हती. म्हणून तेवढा फरक दिसला. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि मी गप्प बसले. आपलं रान मेंढरांच्या खतावर टिकून होतं. किट नुसतं घालू नका. मेंढरं बसवा, मग किटचं बघू."

 आबांनी मान हलवली, "खरं हाय, बसली व्हती."

मग मागनं, खांबाला टेकून बसलेला एक जण बोलला. दोन एकरांत किट घातलेला गडी. "आस्सं व्हय. वडलांच्या वाघरीला कुणी जागा देईना, तवा म्याडमला मेंढरं आठवली."

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आबा, तुमाला बी एखादं कोकरू ठरलंय का?"

"मागल्या साली किट चांगलं, यंदा मेंढरं चांगली. फुडल्या साली काय आसंल म्याडम, कोंबड्या?"

मी काय काय बोलले मला आठवत नाही. मोठ्यानं बोलले, एवढं आठवतं. जितकं मोठ्यानं बोलले तितकं ते त्यांना खोटं वाटलं. शेवटी सरांनी हात वर केला. "मॅडम थोड्या इमोशनल झाल्यात. घरचा विषय आहे, आपण समजून घेऊ." म्हणजे तोवर त्यांनाही कळलं होतं बांधावरचा माणूस कोण होता ते.

दादा व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले होते. सगळं ऐकलं त्यांनी. माझ्याबरोबर घरी आले.

त्यानंतरच्या आठवडेबाजाराच्या दिवशी मी शिरूरला होते. संध्याकाळी आले तर वाडा उघडा. आई चुलीपाशी, माझ्याकडं बघेना.

"कुठं गेली मेंढरं?"

दादा म्हणाले, "दिली बाजारात. समदी."

"का? का पण दादा?"

"आता तर कुणी म्हणनार न्हाई ना, बापाच्या मेंढरासाठी बोलती म्हनून." त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "आता बोल तू. आता खरं धरतील."

मी ओरडले त्यांच्यावर. आईनं मला बाहेर काढलं. दोनदा या माणसानं माझ्यासाठी केलं, आणि दोन्ही वेळा मी जे दाखवणार होते तेच मोडून ठेवलं: आधी किटचा खरा हिशेब, आता मेंढरं. हे त्यांना मी कधी सांगणार नाही. इथं लिहिते, कारण दादा वाचत नाहीत.

मे महिन्यात आबा आमच्या वस्तीवर आले. दादांनी मेंढरं विकल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण सगळीच विकली असतील असं वाटलं नव्हतं.

"यंदा माझं रान आधी धर," ते दादांना म्हणाले. "पाच दिस न्हाई, दहा दिस बसव. तिन्ही एकर."

"कशानं बसवू आबा?" दादांनी वाड्याकडं हात केला. वाड्यात आईनं सरपण रचलं होतं.

आबा उठून वाड्याच्या तोंडापर्यंत जाऊन आले. "दुसरं कोन येतंय का बघ की. ते बाहेरचं दोन कळप?"

"त्येंनी दुसरी गावं धरली. आपनच नको म्हन्लं ना त्येंना."

मग आबा माझ्याकडं वळले. थट्टा नव्हती त्यांच्या आवाजात, राग पण नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"म्याडम, मंग आता काय टाकायचं रानात?"

मी म्हटलं, "शेणखत टाका आबा."

"एक गाय हाय. तिचं शेण घरच्या परसाला पुरत न्हाई. गुरं कवाच गेली आमची, पोरगा कारेगावला गेला तवाच."

मला सगळं येत होतं. हिरवळीचं खत येत होतं, त्याला लागणारं पाणी आबांच्या रानात नव्हतं. कंपोस्टचा खड्डा येत होता, त्यात घालायचा कडबा गाईला ठेवून उरलेला विकूनच घर चालायचं. एकेक सुचायचं आणि तोंडात यायच्या आधी आबांच्या रानात जाऊन मरायचं.

"मला नाही माहीत आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा प्यायले. कप खाली ठेवून म्हणाले, "मंग किटच द्या. फुकट तरी हाय ते. लिवा माझं नाव."

नोकरी मी सोडली नव्हती. सरांनी काढलंही नव्हतं. पिशवीत यंदाचे फॉर्म होते, कोरे. मी एक काढला, आबांचं नाव लिहिलं, गट नंबर त्यांना विचारावा लागला नाही, पाठ होता. क्षेत्राच्या रकान्यात तीन एकर लिहिलं आणि फॉर्म त्यांच्यापुढं धरला. आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला, आणि सही केली.